सेवायात्रेचे लेखन आणि न काढलेली तुळई

आपल्या धर्मग्रामांचे वार्षिकांक, युवक संघटनांच्या स्मरणिका आणि प्रस्तुत त्रैमासिकासारखी नियतकालिके यांतून एक लेखनप्रकार गेली तीस-पस्तीस वर्षे सातत्याने आढळतो. कोठे तरी भूकंप होतो, नदी गावात शिरते, डोंगर खचतो. आपल्याकडील वीस-पंचवीस तरुण-तरुणी एखाद्या धर्मगुरूंसमवेत तेथे जातात, आठ-दहा दिवस राबतात आणि परतल्यावर त्यांपैकी कोणी तरी त्या दिवसांचा वृत्तान्त लिहितो. या प्रकाराला नाव नाही. मी सोयीसाठी त्याला 'सेवायात्रावर्णन' म्हणतो. कथा, कविता, नाटक, आत्मचरित्र यांची समीक्षा आपण आवडीने करतो. या लेखनाच्या वाटेला मात्र आपल्यापैकी कोणी फारसे जात नाही. चांगल्या कामाविषयी लिहिलेल्या शब्दांत उणे काढणे म्हणजे त्या कामातच उणे काढणे, असा आपला समज असावा.

संपादकांनी अलीकडे अशा पाच लेखांचे बाड माझ्याकडे अभिप्रायासाठी धाडले. दोन लेख जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणला गाळ उपसायला गेलेल्यांचे आहेत. एक जुलै २०२३ मध्ये दरडीखाली गेलेल्या इर्शाळवाडीतून वाचलेल्या कुटुंबांना भेटून आलेल्याचा आहे. उरलेले दोन २६ जानेवारी २००१ च्या कच्छ-भूकंपानंतरचे, कोणाच्या तरी कपाटात राहून पिवळे पडलेले हस्तलेख आहेत. बाड वाचता वाचता मला सहावा लेख आठवला. तो मी स्वतः १९९४ साली, गुरुविद्यालयात शिकत असताना, तेथील वार्षिकांकात लिहिला होता. जुनी पेटी उघडून तो काढला आणि सहाही लेख एकत्र वाचले. या परीक्षणात सर्वांत कठोर शब्द त्या सहाव्या लेखाविषयी आहेत, हे आरंभीच सांगतो, म्हणजे तरुण लेखकांना माझा राग येणार नाही.

१

सहा लेखांमध्ये वीस-पंचवीस वर्षांचे अंतर असूनही त्यांची घडण एकच आहे. आरंभी बातमी येते आणि मन अस्वस्थ होते. मग निघण्याची लगबग, गाडीतील गाणी, रात्रीचा प्रवास. पहाटे पहिले पडके घर दिसते आणि गाडीत शांतता पसरते. यापुढे दोन परिच्छेद ढिगाऱ्याचे. नंतर कामाचे दिवस थोडक्यात. मग एक मूल येते, ते हसते. एक म्हातारी येते, ती रडते. निरोपाच्या वेळी कोणी तरी आपल्या तुटपुंज्या शिध्यातून चहा पाजते. अखेरीस लेखक सांगतो की आम्ही द्यायला गेलो होतो, पण घेऊनच आलो.

ही घडण खोटी नाही. असे घडते आणि मीही ते अनुभवले आहे. तथापि सहा माणसांचा अनुभव सहा वेळा एकाच साच्यातून बाहेर पडतो, तेव्हा आपण पाहिले ते लिहितो की लिहायचे ठरलेले होते तेच पाहतो, अशी शंका घेणे समीक्षकाला भाग आहे. शेवटचे वाक्य तर विशेष तपासण्याजोगे आहे. 'आम्ही घेऊन आलो' ही नम्रतेची भाषा आहे खरी, परंतु तिच्यातही कर्ता 'आम्ही'च राहतो. ज्याचे घर पडले तो मनुष्य आमच्या आत्मिक लाभाचे साधन होतो आणि लेख संपला की त्याचे कामही संपते. पाचांपैकी चार लेखांत एकाही आपद्ग्रस्ताने काय सांगितले याचे एक पूर्ण वाक्यही नाही. ते हसतात, रडतात, हात जोडतात. बोलतो तो लेखक.

२

आता माझा लेख. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपी गेल्यावर, लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि परिसरातील गावे जमीनदोस्त झाली. सुमारे ८ ते १० हजार माणसे मरण पावली. आमचा गट नोव्हेंबरात गेला. रात्रीच्या गाडीने सोलापूर, तेथून ट्रकने उमरग्याच्या बाजूला. काम होते तात्पुरत्या निवाऱ्यासाठी पत्र्याच्या शेडी उभारण्याचे.

त्या लेखात मी ढिगाऱ्याचे वर्णन 'मातीचा सागर' असे केले आहे. शब्द सुबक आहेत, पण त्यांतून काहीच कळत नाही. ती घरे कशी होती आणि का पडली हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि मी कोणाला विचारलेही नाही. त्या भागातील जुने घर खणांवर मोजतात. लाकडी खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, त्यांवर लाकडाचा थर आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचे जाड माळवद. पावसाळ्यात गळू नये म्हणून माळवदावर वरचेवर माती चढवली जाई. पिढ्यान्‌पिढ्या साचत ते हात-दीड हात जाड होई. भोवतीच्या भिंती दगडमातीच्या, दोन-तीन फूट रुंद. अशा भिंतीला आतून एक आणि बाहेरून एक असे दोन थर असतात. त्या दोहोंना धरून ठेवणारा आरपार लांब दगड मात्र बहुधा नसे. धक्का बसताच थर सुटले, भिंती फुटल्या आणि माती खाली आली. उन्हाळ्यात गारवा देणारे, दोनशे वर्षे नांदवणारे घर झोपलेल्या माणसांवर कोसळले ते असे. याउलट लाकडी सांगाडा कित्येक ठिकाणी उभाच राहिला, कारण तो भिंतींवर टेकलेला नव्हता.

हे कळल्यावर पुढील प्रसंगाचा अर्थ बदलतो. शेडी उभारीत असताना एक म्हातारी रोज आमच्याकडे येई. तिचे घर पुरते बसले होते आणि त्याखाली सागवानी तुळई अडकली होती. ती एकच सांगे, "लेकरा, तेवढी तुळई काढून दे." आमच्यापाशी दोर होते, पहारी होत्या, वीस तरणेताठे देह होते. एक दिवस पुरला असता. परंतु ठरल्या संख्येइतक्या शेडी ठरल्या दिवशी पुऱ्या करायच्या होत्या. आम्ही तिला उद्याचा वायदा करीत राहिलो आणि दहाव्या दिवशी निघून आलो.

लेखात मी या प्रसंगाचे काय केले? मी तिचा दृष्टांत केला. माणसे मेली तरी वस्तूंवरची आसक्ती सुटत नाही, मोडक्या लाकडाला कवटाळणाऱ्या या माउलीत मला आपणा सर्वांचे रूप दिसले, अशा आशयाचा एक परिच्छेद मी लिहिला. आमच्या प्राध्यापकांनी त्या परिच्छेदाचे कौतुक केले. पुढे दोन प्रवचनांतही मी तो वापरला.

२०१८ साली, भूकंपाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, मी एकटाच त्या गावी गेलो. म्हातारी कधीच वारली होती. तिच्या गल्लीतील एका वयस्क शेतकऱ्याने मला नवे गावठाण दाखवले. मी तुळईची गोष्ट काढली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "साहेब, तुमी पत्रे ठोकलाव, बरं केलाव. पर त्या साली लाकूड हेच पैसं हुतं." ज्यांना ढिगाऱ्यातून लाकूड काढता आले, त्यांनी त्याचा गोठा केला, कोणी नव्या घरापुढे ओसरी काढली, कोणी विकून बैल घेतला. ज्यांना काढता आले नाही, त्यांचे लाकूड ढिगारे साफ होताना मातीमोल गेले. म्हातारीला दोन नातवंडे सांभाळायची होती. ती तुळई तिचे भांडवल होती आणि तिने आमच्याकडे मागितले ते एवढेच की तिचे तिला मिळवून द्यावे.

मी तिचा हिशेब आसक्तीच्या खात्यावर मांडला. हा दोष केवळ वर्तनाचा नाही, तो लेखनाचाही आहे, आणि आम्हा धर्मगुरूंच्या लेखनात तो विशेष आढळतो. आम्हांला प्रत्येक वस्तूत बोध शोधण्याची सवय असते. तुळई ही आधी तुळई असते, ती किती लांब आहे, कोणत्या लाकडाची आहे, तिचा बाजारात काय भाव येईल, तिच्यावर कोण अवलंबून आहे, हे विचारण्याआधीच आम्ही तिचे प्रतीक करून मोकळे होतो. घाईने काढलेला दृष्टांत हा एक प्रकारचा अन्याय आहे. ज्याचा दृष्टांत केला जातो, त्याला उत्तर देण्याची सोय उरत नाही.

३

दुसरा दोष काळाचा आहे. सेवायात्रावर्णनातील काळ हा लेखकाच्या मुक्कामाचा काळ असतो. गाडी आली की कथा सुरू होते, गाडी निघाली की संपते. पुनर्बांधणीचा काळ याहून फार निराळा आहे. किल्लारीच्या परिसरातील पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. याशिवाय १३ जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्तीचे व मजबुतीचे काम निघाले. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ साली सुरू झालेला हा कार्यक्रम चार वर्षांहून अधिक चालला. नव्या गावांत घराचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या जमीनदारांना ७५०. म्हणजे भूकंपाने एका रात्रीत सर्वांना समान केले आणि पुनर्वसनाच्या नकाशाने त्यांना पुन्हा आपापल्या पायरीवर बसवले. रुंद, सरळ रस्ते आले. गल्लीबोळ, ओसरी, वाड्याचा आडोसा गेला. कित्येकांचे शेत घरापासून दूर पडले. दगडाने आपली माणसे मारली म्हणून लोकांनी दगडाचा धसका घेतला आणि सिमेंटचाच आग्रह धरला. हे सारे आमच्या 'शेवटच्या दिवसा'नंतर घडले. माझ्या लेखात त्याची चाहूलही नाही.

याच काळात एक गोष्ट घडली, जी आपल्या लेखनात यायला हवी होती. दुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने त्यांचे संघटन केले. घर कसे मजबूत करायचे, अनुदानाचा हप्ता कोठे अडला, गवंडी काम नीट करतो की नाही, हे त्या पाहू लागल्या. २००१ साली कच्छ हादरला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडील अशा स्त्रिया गुजरातला गेल्या आणि तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगितला. कच्छमध्ये पुष्कळ कुटुंबांनी सरकारी मदत हप्त्याहप्त्याने घेऊन आपली घरे स्वतःच बांधली. तेथे या अनुभवाला मोल होते.

माझ्यापुढील बाडात त्याच भूकंपानंतर कच्छला गेलेल्या आपल्या तरुणांचे दोन हस्तलेख आहेत. त्यांत भुजपर्यंतचा प्रवास, थंडी, तंबू, वाळवंटातील चांदणे हे सारे आहे. मराठवाड्याच्या बायका त्या प्रदेशात मदतीला जाऊ शकतात, याची कल्पनाही त्या लेखांत नाही. याचा दोष मी लेखकांना देत नाही, त्यांची गाठ पडली नसेल. परंतु साच्याचा दोष दाखवायलाच हवा. आपल्या साच्यात मदत करणारा मनुष्य सुस्थितीतल्या गावाहून येतो आणि घेणारा पडक्या गावात बसलेला असतो. सात-आठ वर्षांपूर्वी ज्या बाईने स्वतःच्या घराची माती उपसली, ती दुसऱ्याची माती उपसायला गेली, तर तिला या साच्यात जागा नाही. वास्तविक सेवायात्रेचे सर्वांत खरे वर्णन तीच लिहू शकली असती.

४

कोणी म्हणेल, मग चांगला नमुना कोणता? आपल्या हाताशी एक फार जुना नमुना आहे आणि तो आपण वाङ्मय म्हणून क्वचितच वाचतो. जुन्या करारातील नहेम्याचे पुस्तक. त्याचा मोठा भाग प्रथमपुरुषी निवेदनात आहे. दूरच्या राजधानीत सुखाने राहणारा एक मनुष्य आपले शहर पडल्याचे ऐकतो, तेथे जातो आणि लोकांसमवेत तट पुन्हा उभारतो, असा त्याचा विषय आहे. म्हणजे आपलाच लेखनप्रकार, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या घटनांविषयीचा.

प्रथम त्याचा आरंभ पाहा. बातमी आल्यावर नहेम्या रडतो, उपवास करतो. येथवर आपल्यासारखेच. पण बातमी येते किस्लेव महिन्यात आणि तो राजापुढे विषय काढतो तो नीसान महिन्यात. मध्ये चार महिने जातात. परवानगी मागताना त्याच्या मनात यादी तयार आहे. वाटेतल्या अधिकाऱ्यांना द्यायची पत्रे हवीत आणि राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याच्याकडून लाकूड हवे. भावनेच्या भरात निघालेल्या माणसाची ही भाषा नव्हे. त्याने लाकडाचा विचार आधी केला होता.

दुसरे, यरुशलेमला पोहोचल्यावर तो तीन दिवस काहीच करत नाही. मग रात्री थोडी माणसे घेऊन, कोणाला न सांगता, तटाभोवती फिरतो. एके ठिकाणी ढिगारा इतका असतो की त्याच्या जनावराला पुढे जायला वाट नसते. निवेदनात येथे हळहळ नाही, उपमा नाही. कोणते द्वार, कोणते तळे, कोठून वळलो, एवढेच आहे. आमच्या गटाने पोहोचल्या दिवशी दुपारीच पहिला खांब रोवला होता आणि त्याचा मला लेखात अभिमान वाटला होता.

तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, तिसरा अध्याय. सामान्य वाचक तो गाळून पुढे जातो, कारण त्यात नावांखेरीज दुसरे काही नाही. या द्वाराची डागडुजी अमक्याने केली, त्याच्या शेजारी तमक्याने. सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, याजक आहेत. एकाने आपल्या मुलींसह काम केले. तकोवाच्या लोकांनी काम केले, पण त्यांच्यातील प्रतिष्ठितांनी मान वाकवली नाही, हेही नोंदवले आहे. पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. एकाने तर आपल्या खोलीपुढचाच. या संपूर्ण अध्यायात स्वतः नहेम्या बांधकाम करताना दिसत नाही. बाहेरून आलेला निवेदक येथे पूर्णपणे मागे सरतो आणि पान तेथल्या माणसांच्या स्वाधीन करतो. वाङ्मयीन दृष्टीने कंटाळवाणा वाटणारा हा अध्याय नैतिक दृष्ट्या त्या पुस्तकाचा कणा आहे. आपल्या सहा लेखांपैकी एकाही लेखात अशा यादीच्या चार ओळीदेखील नाहीत.

चौथे, पाचव्या अध्यायात बांधकाम चालू असताना गरिबांचा आक्रोश उठतो. धान्यासाठी त्यांची शेते, मळे, घरे गहाण पडली आहेत आणि सावकार परके नाहीत, आपलेच बांधव आहेत. नहेम्या संतापतो, पण त्याच वेळी आपण आणि आपले भाऊबंदही पैसा व धान्य कर्जाऊ देत होतो, हे तो लपवत नाही. दगडाच्या तटाआड दुसरी एक पडझड चालू असते आणि तिच्यात मदत करणाऱ्याचाही वाटा असू शकतो, हे तेथे कळते.

नहेम्याचे लेखन निर्दोष नाही. देवाने आपली ही सत्कृत्ये ध्यानात ठेवावीत अशी विनवणी तो पुनःपुन्हा करतो. आपण सुभेदाराचा भत्ता कसा घेतला नाही, आपल्या पंक्तीला किती माणसे जेवत, हे तो तपशिलाने सांगतो. आपल्या 'आम्ही घेऊन आलो' या वाक्याचा तो दूरचा पूर्वजच म्हणायचा. परंतु तट ५२ दिवसांत पुरा झाल्याचे सांगून तो थांबत नाही. सातव्या अध्यायात तो लिहितो की शहर विस्तीर्ण आहे, पण आत माणसे थोडी आहेत आणि घरे अजून बांधलेली नाहीत. काम संपल्याचा आनंद ताजा असताना उरलेल्या कामाची नोंद करणारा लेखक विश्वासार्ह असतो.

५

आता बाडातील पाचव्या लेखाकडे वळतो. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. चिपळूणला गेलेल्या एका मुलीने तो लिहिला आहे. लेख अवघा अडीच पानांचा. प्रवासाला तिने दोन ओळी दिल्या आहेत. बाजारपेठेतील एका किराणा दुकानात तिच्या गटाला गाळ काढायचे काम मिळाले. तिसऱ्या दिवशी गल्ल्याखालून उधारीची वही निघाली, चिखलाने लडबडलेली, पाने एकमेकांना चिकटलेली. दुकानदाराने ती टाकू दिली नाही. मग दुपारभर ती मुलगी आणि दुकानदाराची बायको एकेक पान सोडवून पुठ्ठ्यावर वाळवीत बसल्या. कोणती पाने वाचता आली, कोठे नाव राहून आकडा पुसला गेला, कोठे आकडा राहून नाव गेले, हे तिने सांगितले आहे. दुकानदार एकदाच बोलतो. ज्यांच्याकडून येणे आहे त्यांची शाई गेली, ज्यांना देणे आहे ते मात्र सगळे तोंडपाठ आहेत. लेखिका यावर भाष्य करीत नाही. त्या दुपारी आपल्या वाट्याचा गाळ उपसायचा राहून गेला आणि गटप्रमुख थोडे रागावले, एवढे नोंदवून ती थांबते.

भाषेच्या दृष्टीने या लेखात उणिवा आहेत. वाक्ये तुटक आहेत, दोन ठिकाणी काळाचा घोळ आहे. तरीही सहा लेखांत हाच श्रेष्ठ आहे, याविषयी मला संदेह नाही. तिने वहीला वहीच राहू दिले. त्या वहीत एका गल्लीचे परस्परांवरील विश्वासाचे जाळे आहे, ते वाचकाला आपोआप दिसते. आणि जे काम दुकानदाराला हवे होते, ते तिने केले, जे तिला नेमून दिले होते ते सोडून. मी न काढलेली तुळई तिने काढली. तो परिच्छेद वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

६

या परीक्षणावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. अशी चिकित्सा केली तर उद्या कोण जाईल? आधीच मुलांना परीक्षा, नोकऱ्या, वसईहून मुंबईच्या गाडीचे धक्के. त्यातून वेळ काढून जी जातात, त्यांच्या उमाळ्यावर फादर पाणी ओततात, असे एखाद्या आईवडिलांना वाटेल. त्यांना मी सांगतो की मुलांना अवश्य पाठवा. आम्ही उभारलेल्या शेडींखाली माणसे पुढे कित्येक महिने राहिली, ती शेड नसती तर उघड्यावर राहिली असती. त्या शेतकऱ्यानेही ते नाकारले नाही. माझी तक्रार कामाविषयी असली तरी तिचा रोख कामाच्या कथनाकडे आहे. कारण पुढचा गट निघतो तो मागच्या गटाचे लेख वाचून निघतो. आम्ही जे लिहितो, तेच पाहायला पुढची मुले जातात. लेखात मूल हसले की पुढच्या वर्षी मुले हसऱ्या मुलाचा शोध घेतात. लेखात म्हातारी मागणे मागून गेली आणि लेखकाने ते ऐकले नाही, असे प्रामाणिकपणे लिहिले, तर पुढच्या वर्षी कोणी तरी थांबून ऐकेल.

म्हणून लिहिणाऱ्यांना मी फार थोडे सुचवतो. ज्या घरात राबलात, ते घर कशाचे होते आणि का पडले, हे तेथल्या गवंड्याला विचारून लिहा. ज्यांच्याबरोबर राबलात, त्यांनी काय काम केले ते आपल्या कामाआधी लिहा. त्यांनी मागितलेली आणि तुम्हांला देता न आलेली एक तरी गोष्ट लिहा. वर्षाने त्यांना पत्र पाठवा वा फोन करा आणि उत्तर आले तर तेही छापा. आणि दृष्टांत काढायचाच झाला, तर तो शेवटी काढा. फार तर आमच्यावर सोपवा, आम्ही रविवारी काढूच.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी आपल्याला सर्वांना पाठ आहे. सेवायात्रावर्णनाचा नायक आपण नेहमी त्याच्यावरूनच बेततो. त्या कथेत एक पथिकाश्रमाचा रखवालदारही आहे. शोमरोनी एक रात्र राहतो, दोन नाणी देतो, परत येण्याचे वचन देऊन आपल्या वाटेने जातो. जखमी माणसाची पुढची सारी शुश्रूषा त्या रखवालदाराने करायची आहे. कथेत त्याला नाव नाही, संवादही नाही. आपण आठ दिवसांनी गाडीत बसतो, तेव्हा मागे असे पुष्कळ रखवालदार राहतात: शेजारी, गवंडी, संवाद सहायक बायका, वही वाळवणारी दुकानदारीण. आपल्या लेखांनी निदान त्यांची नावे लिहावीत.

त्या म्हातारीचे नाव मी १९९४ च्या लेखात लिहिले नव्हते. २०१८ साली ते विचारून घेतले. ते येथे छापण्याची परवानगी द्यायला ती आता नाही, म्हणून छापत नाही. मात्र गुरुविद्यालयातील त्या जुन्या वार्षिकांकाच्या माझ्या प्रतीत, आसक्तीवरील त्या परिच्छेदाशेजारी समासात, मी ते लिहून ठेवले आहे. परिच्छेद खोडलेला नाही. पुढे कधी प्रवचन लिहिताना हात फार भरभर चालू लागला, तर तो उघडून पाहण्यासाठी मला हवा आहे.